ए२एनमॉड केलं तरी मॉड्यूल लागत नाही, ए२डिसमॉड केलं तरी परत येतं: नेमकं कुठे अडतं?

अपाची या वेब सर्व्हरचं मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडायचा जादा भाग, ए२एनमॉड या कमांडने चालू आणि ए२डिसमॉडने बंद करताना ही अडचण दोन रूपांत येते आणि पुन्हा पुन्हा येते. पहिलं रूप: मॉड्यूल चालू केलं, कमांड गुपचूप पूर्ण झाली, पण साइटवर ४०४ (पान सापडत नाही) किंवा ५०० (सर्व्हरमधली चूक) हा एरर तसाच. दुसरं रूप: मॉड्यूल बंद केलं, सगळं ठीक चाललं, मग एक दिवस पॅकेजं अपडेट झाली आणि बंद केलेलं मॉड्यूल पुन्हा हजर. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. ए२एनमॉड आणि ए२डिसमॉड चालू असलेल्या सर्व्हरला हातही लावत नाहीत. त्या एका फोल्डरमध्ये लिंक टाकतात किंवा काढतात आणि दुसऱ्या एका फोल्डरमध्ये त्याची नोंद ठेवतात. बाकी सगळं आपण करायचं असतं.

खालचं विवेचन डेबियन आणि उबुंटूवरच्या अपाची २.४ साठी आहे. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन लिपीत टाइप करायची, आणि अक्षर मोठं की छोटं यामुळे जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

कमांड काय करते

/ईटीसी/अपाची२ मध्ये मॉड्स-अव्हेलेबल आणि मॉड्स-एनेबल्ड असे दोन फोल्डर असतात. पहिल्यात इन्स्टॉल असलेल्या प्रत्येक मॉड्यूलची .लोड फाइल असते, काहींची जोडीला .कॉन्फ फाइलही असते. रीराइट या, पानांचे पत्ते बदलणाऱ्या मॉड्यूलची रीराइट.लोड उघडून पाहिली तर आत एकच ओळ दिसते:

लोडमॉड्यूल रीराइट_मॉड्यूल /यूएसआर/लिब/अपाची२/मॉड्यूल्स/मॉड_रीराइट.एसओ

ए२एनमॉड या फाइलीची लिंक मॉड्स-एनेबल्डमध्ये टाकतं. अपाची सुरू होताना मुख्य कॉन्फिग त्या फोल्डरमधल्या सगळ्या .लोड आणि .कॉन्फ फाइली ओढून घेतो. इतकंच असतं तर हाताने एलएन (लिंक टाकणारी) आणि आरएम (काढणारी कमांड) चालवूनही भागलं असतं. पण आणखी दोन गोष्टी घडतात आणि हाताने लिंक करणारे तिथेच फसतात.

एक, प्रॉक्सी_एचटीटीपी.लोड फाइलीत # ने सुरू होणारी 'डिपेंड्स: प्रॉक्सी' अशी ओळ असते. अपाचीसाठी ती निव्वळ टिप्पणी आहे. ए२एनमॉडसाठी मात्र तो हुकूम आहे: आधी प्रॉक्सी चालू कर, मग हे. 'कॉन्फ्लिक्ट्स' अशीही ओळ असते, तिचा अर्थ अमुक मॉड्यूल चालू असेल तर मला चालू करू नकोस. दोन, /व्हार/लिब/अपाची२/मॉड्यूल खाली खुणेची एक रिकामी फाइल ठेवली जाते. हे मॉड्यूल अ‍ॅडमिनने चालू केलं, अ‍ॅडमिनने बंद केलं, की पॅकेजच्या स्क्रिप्टने चालू केलं, हे त्या खुणेवरून कळतं. बंद केलेलं मॉड्यूल परत येण्याचं कोडं याच खुणेपाशी सुटतं.

'डझ नॉट एक्झिस्ट' आलं तर

तीन शक्यता. पहिली, नाव चुकलं. ए२एनमॉडला .लोड फाइलीचं नाव लागतं, म्हणजे नुसतं रीराइट. मॉड_रीराइट चालत नाही आणि यादीत दिसणारं रीराइट_मॉड्यूलही चालत नाही. एकाच मॉड्यूलची तीन ठिकाणी तीन नावं असल्यामुळे ही चूक जुन्या जाणत्यांकडूनही होते. दुसरी, पॅकेजच नाही. पीएचपीचं मॉड्यूल अपाचीसोबत येत नाही, त्यासाठी लिबअपाची२-मॉड-पीएचपी हे पॅकेज लागतं आणि आवृत्ती जुळावी लागते. तिसरी, ते मॉड्यूल मुळात वेगळं नाहीच. डेबियनमध्ये लॉग_कॉन्फिग, युनिक्सडी, व्हर्जन वगैरे अपाचीच्या आत बांधलेले असतात. त्यांची .लोड फाइल नाही, म्हणून ते चालूबंद करण्याचा प्रश्नच नाही.

कमांडच सापडत नाही अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा साध्या 'एसयू'ने रूट झालेले असता. डेबियन १० पासून त्या मार्गाने /यूएसआर/एसबिन पाथमध्ये येत नाही. 'एसयू -' वापरा, किंवा सुडो.

लिंक आहे, पण लागली का?

पहिली तपासणी:

ए२क्वेरी -एम रीराइट

(एम छोटा.) चालू असेल तर नावापुढे कोणी चालू केलं तेही छापलं जातं. यानंतर कॉन्फिग तपासा:

सुडो अपाची२सीटीएल कॉन्फिगटेस्ट

'सिंटॅक्स ओके' आलंच पाहिजे. सोबत एएच००५५८ ही सर्व्हरच्या पूर्ण नावाबद्दलची सूचना आली तर तिचा मॉड्यूलशी संबंध नाही, ती बाजूला ठेवा. एक सवय मात्र टाळा: अपाची२सीटीएलऐवजी थेट 'अपाची२ -टी' चालवू नका. एनव्हव्हार्स फाइल वाचली न गेल्यामुळे अपाची_रन_डिर हा चल सापडत नाही, एएच००१११ ची ओळ येते आणि कॉन्फिग धडधाकट असताना आपण भलत्याच एररच्या मागे लागतो.

आता सगळ्यात फसवी तपासणी. लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी म्हणून सर्रास सांगितली जाणारी कमांड ही:

सुडो अपाची२सीटीएल -एम

(इथे एम मोठा.) ती चालू सर्व्हरला काहीही विचारत नाही. एक नवी प्रोसेस उघडून डिस्कवरचं कॉन्फिग आत्ता वाचते आणि 'आता सुरू केलं तर काय लोड होईल' ते छापून बंद होते. ए२एनमॉड केल्या केल्या रीस्टार्ट न करता ही कमांड दिली तरी मॉड्यूल यादीत दिसतं. 'यादीत आहे, तरी चालत नाही' या तक्रारींतल्या पुष्कळशा इथूनच निघतात.

चालू प्रोसेसमध्ये खरोखर काय आहे ते कर्नलला विचारावं. मुख्य प्रोसेसचा क्रमांक /रन/अपाची२/अपाची२.पीआयडी या फाइलीत असतो. समजा तो ८१२ आहे:

सुडो ग्रेप मॉड_रीराइट /प्रोक/८१२/मॅप्स

ओळी आल्या तर मॉड्यूल मेमरीत आहे. काहीच आलं नाही तर नाही, मग यादी काहीही म्हणो. ओळीच्या शेवटी 'डिलीटेड' दिसलं तर पॅकेज अपडेट होऊन डिस्कवरची फाइल बदलली आहे, पण सर्व्हर अजून जुनीच धरून बसला आहे. रीस्टार्ट बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

रीलोड की रीस्टार्ट?

साइट चालूबंद केल्यावर रीलोड पुरतो. मॉड्यूलसाठी ए२एनमॉड स्वतःच रीस्टार्ट सुचवतं आणि ते ऐकावं. रीलोडमध्ये मुख्य प्रोसेस तीच राहते, कॉन्फिग फक्त नव्याने वाचलं जातं. बहुतेक मॉड्यूलांना तेही चालून जातं, पण सगळ्यांना नाही, आणि एमपीएम (विनंत्या प्रोसेस किंवा थ्रेडमध्ये कशा वाटायच्या ते ठरवणारं मॉड्यूल) तर तसा बदलताच येत नाही.

रीस्टार्टमध्ये मात्र एक धोका आहे. रीलोड करताना अपाची२सीटीएल आधी कॉन्फिग तपासतं आणि चूक असेल तर चालू सर्व्हरला धक्का लावत नाही. सिस्टिमडीचा रीस्टार्ट म्हणजे आधी बंद, मग सुरू. कॉन्फिगमध्ये चूक असेल तर सर्व्हर बंद होतो आणि बंदच राहतो. म्हणून दोन्ही कमांड एका ओळीत जोडूनच द्या:

सुडो अपाची२सीटीएल कॉन्फिगटेस्ट && सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट अपाची२

पहिली नापास झाली तर दुसरी चालत नाही. चालू साइटवर काम करताना ही ओळ सोडून नुसता रीस्टार्ट कधीच देऊ नये.

मॉड्यूल मेमरीत आहे, तरी परिणाम शून्य

रीराइटच्या बाबतीत हे सर्वाधिक होतं. डेबियनच्या मूळ कॉन्फिगमध्ये /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू साठी 'अलाउओव्हरराइड नन' लिहिलेलं असतं. म्हणजे .एचटीअ‍ॅक्सेस (साइटच्या फोल्डरमधली नियमांची) फाइल उघडलीच जात नाही. तिच्यातले नियम कितीही अचूक असोत, ते वाचणारं कोणी नाही. खात्री करायची सोपी युक्ती: फाइलीच्या पहिल्या ओळीत कुठलाही निरर्थक शब्द लिहा आणि पान उघडा. ५०० आला तर फाइल वाचली जाते आहे. पान जसंच्या तसं उघडलं तर फाइलीकडे कोणी बघतही नाही. चालू साइटवर ही तपासणी पाच सेकंदांत उरका आणि शब्द लगेच काढा.

उपाय म्हणजे त्या साइटच्या व्हर्च्युअलहोस्टमध्ये (कॉन्फिगमधल्या त्या साइटच्या भागात) डिरेक्टरी ब्लॉक लिहून त्यात 'अलाउओव्हरराइड ऑल' देणं. फक्त रीराइटचे नियम हवे असतील तर 'अलाउओव्हरराइड फाइलइन्फो' पुरतं आणि तेच जास्त बरं. हा बदल पोर्ट ८० (एचटीटीपी) च्या होस्टमध्ये केला आणि साइट पोर्ट ४४३ (एचटीटीपीएस) वर उघडते, असंही वारंवार घडतं. दोन्ही ब्लॉक वेगळे आहेत. नियम मुख्य कॉन्फिगमध्ये, होस्टच्या बाहेर लिहिले असतील तर ते होस्टमध्ये आपोआप उतरत नाहीत. तिथे 'रीराइटऑप्शन्स इनहेरिट' लागतं, नाहीतर नियम होस्टच्या आत हलवा.

दुसरा आडपडदा 'इफमॉड्यूल'चा. बरेच तयार .एचटीअ‍ॅक्सेस नियम 'इफमॉड्यूल मॉड_रीराइट.सी' या कुंपणात येतात. मॉड्यूल नसेल तर अख्खा भाग गुपचूप गाळला जातो. ना एरर, ना लॉगमध्ये ओळ. जो सर्व्हर तुमच्याच ताब्यात आहे तिथे हे कुंपण काढून टाकावं, असं माझं ठाम मत आहे. मग मॉड्यूल नसेल तर लॉगमध्ये 'इनव्हॅलिड कमांड रीराइटइंजिन' अशी सरळ ओळ येते आणि दोन मिनिटांत उलगडा होतो. ती ओळ आली की शब्दावरून मॉड्यूल ओळखावं: 'हेडर' किंवा 'रिक्वेस्टहेडर' असेल तर हेडर्स, 'एक्स्पायर्सअ‍ॅक्टिव्ह' असेल तर एक्स्पायर्स, 'एसएसएलइंजिन' असेल तर एसएसएल, आणि जुन्या धाटणीचं 'ऑर्डर अलाउ,डिनाय' असेल तर अ‍ॅक्सेस_कम्पॅट.

प्रॉक्सीची अर्धवट जोडणी

'प्रॉक्सीपास' ही आज्ञा प्रॉक्सी मॉड्यूलची आहे, म्हणून फक्त तेच चालू केलं तर कॉन्फिगटेस्ट पास होतो, सर्व्हर सुरू होतो आणि पान मागितलं की ५००. एरर लॉगमध्ये एएच०११४४ दिसतो: या यूआरएलसाठी प्रोटोकॉल हाताळणारं कोणीच नाही. प्रॉक्सी, म्हणजे विनंती मागच्या दुसऱ्या सर्व्हरकडे पोचवणारं मॉड्यूल, हा फक्त सांगाडा आहे. एचटीटीपीने मागच्या सर्व्हरशी बोलायला प्रॉक्सी_एचटीटीपी लागतं, पीएचपी-एफपीएमसाठी (पीएचपी अपाचीबाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारी सेवा) प्रॉक्सी_एफसीजीआय, भार वाटायचा असेल तर प्रॉक्सी_बॅलन्सर आणि वाटपाची पद्धत म्हणून एलबीमेथड_बायरिक्वेस्ट्स. कमांड नेहमी टोकाच्या मॉड्यूलला द्यावी. सुडो ए२एनमॉड प्रॉक्सी_एचटीटीपी म्हटलं की प्रॉक्सी आपोआप येतं. उलट दिशेने येत नाही.

पीएचपी आणि एमपीएमची ओढाताण

एमपीएम एका वेळी एकच चालतो. एकही नसेल किंवा दोन असतील तर सर्व्हर एएच००५३४ देऊन थांबतो. अपाचीच्या आत चालणारं पीएचपी मॉड्यूल सहसा थ्रेडसाठी बांधलेलं नसतं, म्हणून त्याला एमपीएम_प्रीफोर्क लागतो, आणि नव्या इन्स्टॉलेशनमध्ये चालू असतो एमपीएम_इव्हेंट. अशा वेळी ए२एनमॉड 'संघर्ष आहे, आधी ते बंद करा' म्हणून नकार देतं. हा नकार हाताने लिंक टाकून ओलांडला तर थ्रेडेड एमपीएमवर पीएचपी मॉड्यूल चालणार नाही, असं सांगून सर्व्हर सुरूच होत नाही.

एफपीएमकडे जायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. पीएचपी मॉड्यूल प्रीफोर्कवर टेकलेलं आहे, म्हणून आधी ते काढायचं. आवृत्ती ८.२ धरली तर:

सुडो ए२डिसमॉड पीएचपी८.२
सुडो ए२डिसमॉड एमपीएम_प्रीफोर्क
सुडो ए२एनमॉड एमपीएम_इव्हेंट प्रॉक्सी_एफसीजीआय सेटएनव्हइफ
सुडो ए२एनकॉन्फ पीएचपी८.२-एफपीएम

मग कॉन्फिगटेस्ट आणि पूर्ण रीस्टार्ट. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधे सर्व्हरकडे एकही एमपीएम नसतो, त्या फटीत रीस्टार्ट देऊ नका. जाता जाता, इव्हेंटवर ए२एनमॉड सीजीआय (बाहेरचे प्रोग्राम चालवणारं मॉड्यूल) दिलं तर ते स्वतःहून सीजीआयडी निवडतं आणि तसं सांगतं. ती चूक नाही.

बंद करताना

क्रम उलटा ठेवा: आधी कॉन्फिगमधून त्या मॉड्यूलच्या आज्ञा काढा, मग ए२डिसमॉड, मग कॉन्फिगटेस्ट. मॉड्यूल आधी काढलं आणि हेडर्सची एक ओळ कुठल्यातरी होस्टमध्ये राहून गेली तर पुढचा रीस्टार्ट सर्व्हरला झोपवतो. .एचटीअ‍ॅक्सेसमधली ओळ तर कॉन्फिगटेस्टला दिसतच नाही. ती पान मागितल्यावरच ५०० देते, त्यामुळे साइटच्या फोल्डरांत ग्रेप मारून शोधावं लागतं. दुसरं मॉड्यूल त्याच्यावर टेकलेलं असेल तर ए२डिसमॉड नकार देतं आणि आधी काय बंद करायचं तेही सांगतं.

ऑटोइंडेक्ससारखी काही मॉड्यूल आवश्यक गटात धरली आहेत. ती बंद करताना 'येस, डू अ‍ॅज आय से!' हे वाक्य जसंच्या तसं, उद्गारचिन्हासकट टाइप करावं लागतं. स्क्रिप्टमधून करताना इथेच गाडी अडते, तिथे -एफ द्यावा. आणि चांदणी (*) वापरून एकदम अनेक मॉड्यूल बंद करायची असतील तर नाव अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे शेल ती चांदणी स्वतः उलगडणार नाही.

बंद केलेलं परत का येतं

आता खुणेच्या फाइलीकडे. पॅकेज अपडेट होताना त्याची स्क्रिप्ट मॉड्यूल चालू करायला जाते, पण आधी ए२क्वेरीला विचारते. अ‍ॅडमिनने ए२डिसमॉडने बंद केलं असेल तर उत्तर म्हणून ३२ हा एक्झिट कोड येतो आणि स्क्रिप्ट हात मागे घेते. पॅकेजच्याच स्क्रिप्टने बंद केलं असेल तर ३३ येतो, त्याला तो मान नाही. तुम्ही आरएमने लिंक उडवली असेल तर 'अ‍ॅडमिनने बंद केलं' ही खूण तयारच झालेली नसते. स्क्रिप्टच्या दृष्टीने हे मॉड्यूल कोणी मुद्दाम बंद केलेलं नाही, म्हणून ती ते पुन्हा जोडते. ए२डिसमॉडला स्वच्छतेच्या हौसेने -पी लावला तरी तेच घडतं, कारण तो पर्याय खुणाच पुसतो. उदाहरणार्थ स्टेटस हे मॉड्यूल तपासायला:

ए२क्वेरी -एम स्टेटस; इको $?

३२ आला तर नोंद पक्की. नसेल तर सुडो ए२एनमॉड स्टेटस आणि लगेच सुडो ए२डिसमॉड स्टेटस करून नोंद बसवा. मधे रीस्टार्ट न केल्यास चालू सर्व्हरला काही कळत नाही.

पीएचपीची गोष्ट आणखी वेगळी. खूण नावावर असते आणि पीएचपीच्या मॉड्यूलच्या नावात आवृत्ती असते. पीएचपी७.४ बंद केल्याची खूण पीएचपी८.२ ला लागू होत नाही. त्यात पीएचपी८.२ या पॅकेजला अपाचीचं मॉड्यूल, एफपीएम किंवा सीजीआय यांपैकी एक लागतं, आणि काहीच नसेल तर मॉड्यूल पहिलं ओढलं जातं. डेबियन ११ वरून १२ वर जाताना नेमकं हेच होतं. एफपीएमवर राहायचं असेल तर पीएचपी८.२-एफपीएम त्याच एपीटी कमांडमध्ये नाव घेऊन इन्स्टॉल करा.

अशा अपग्रेडनंतर जुन्या पीएचपी७.४ ची लिंक मॉड्स-एनेबल्डमध्ये लोंबकळत राहते: लिंक आहे, पलीकडे फाइल नाही. किंवा .लोड फाइल आहे, पण तिने दाखवलेली .एसओ गेली. दोन्ही वेळा सर्व्हर सुरू होत नाही आणि जर्नलमध्ये फाइल सापडत नसल्याची ओळ असते. उपाय एकच, जुन्या नावाने सुडो ए२डिसमॉड पीएचपी७.४. मूळ फाइल नसली तरी ही कमांड लोंबणारी लिंक ओळखून काढते. ए२एनमॉड मात्र अशा लिंकेवर एरर देऊन थांबतं.

कंटेनरमध्ये परत येण्याचं कारण याहून साधं आहे. चालू कंटेनरच्या आत शिरून केलेला बदल कंटेनर नव्याने उभा राहिला की जातो, म्हणून ए२एनमॉडची ओळ इमेज बांधण्याच्या डॉकरफाइलमध्येच हवी. त्यातही अधिकृत एचटीटीपीडी इमेजमध्ये ही कमांड नसतेच. तिथे /यूएसआर/लोकल/अपाची२/कॉन्फ/एचटीटीपीडी.कॉन्फ मधल्या लोडमॉड्यूल ओळीपुढचा # काढायचा. रेड हॅटच्या घराण्यातही ए२एनमॉड नाही; /ईटीसी/एचटीटीपीडी/कॉन्फ.मॉड्यूल्स.डी मधल्या फाइलींत तीच लोडमॉड्यूल ओळ हाताने बदलतात आणि एसएसएलसाठी मॉड_एसएसएल हे वेगळं पॅकेज घेतात. ओपनसुसेवर याच नावाची कमांड आहे, पण ती लिंक टाकत नाही, /ईटीसी/सिसकॉन्फिग/अपाची२ मधली अपाची_मॉड्यूल्सची यादी बदलते. तिथे मॉड्स-एनेबल्ड शोधत बसू नका.